दार तेवढं बदला

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गच्चीवरची टाकी भरणं. नळ आला की मी वर, बायको शांता खाली कॉकपाशी. मी ओरडायचो, "भरली गं!" खालून "ऐकलं!" आलं की मगच उतरायचो. एकदा न थांबता उतरलो, तर ती म्हणाली, "उत्तर आल्याबिगर निरोप पोचला म्हणू नये."

तिचं कामच ते. मी चौथीतून मेंढ्यांमागं गेलो, पुढं जीप चालवली. ती पॉलिटेक्निक शिकलेली. शेंद्र्याच्या एका कारखान्यात प्रोग्राम लिहायची. गावोगावी टाकीवरच्या यंत्रानं विहिरीवरच्या पंपाला पाणी किती भरलं ते कळवायचं, त्या बोलण्याचे नियम तिनं बसवलेले.

एका दुष्काळात जुनी यंत्रं मिळेनाशी झाली, दुसऱ्या बनावटीची आली. कारखान्यातले तरणे साहेब म्हणाले, "मॅडम, सगळं नव्यानं लिहावं लागेल." म्हणजे उन्हाळा गेला. शांता म्हणाली, "घर पाडू नका. दार तेवढं बदला." रस्ता रुंद करताना आमची पुढची भिंत गेली, तेव्हाही तिनं नुसतं दार मागं घेतलं, चुलीची वीट हलू दिली नाही. प्रोग्रामही तसाच बांधलेला. नियम आत, यंत्राशी गाठ पडते तो तुकडा वेगळा, दारात.

पाचोडकडच्या एका गावात नवं यंत्र बसलं, तिथं मीच तिला जीपनं नेलं. टाकी भरली तरी पंप थांबेना. त्या दुष्काळात पाणी धो धो मातीत. बाया घागरी घेऊन धावल्या. एक म्हातारी म्हणाली, "बाई, तुझी मशीन पिऊन आली का काय?"

"थांब आजी, उतरवते तिची." पंप हातानं बंद करून शांतेनं टाकीच्या सावलीत लॅपटॉप उघडला.

मी म्हणालो, "साहेबाचंच खरं व्हतं."

"काय नाय. सिल्लोडच्या बाजारातल्या पाट्या आठवा. मराठी डावीकडून, उर्दू उजवीकडून. हे यंत्र आकडा उलट्या बाजूनं वाचतंय. भरली टाकी त्याला रिकामी दिसती. दारातच उलटून दिला की झालं."

आतली एक ओळ तिनं हलवली नाही. बायांनी घागरी भरून नेल्या, पंप पुन्हा लावला; ऊन कलायच्या आत टाकी परत भरली अन् पंप आपोआप थांबला. म्हातारी ओरडली, "उतरली गं बाई!" त्या उन्हाळ्यात बाकीच्या गावांची दारंही तिनंच बदलली.

आमची टाकी दोघांनी शेवटची भरली त्याच आठवड्यात शांता झोपेत गेली. तिला पोचवून आलो, दुसऱ्या दिवशी सकाळी नळ आला. पाहुणे म्हणाले, "तात्या, तुम्ही बसा." नाही बसलो. वर गेलो. टाकी काठोकाठ झाली तसा ओरडलो, "भरली गं!"

 जिना उतरलो, कॉक बंद केला आणि मोठ्यानं म्हणालो, "ऐकलं!"