पिवळे चौकोन आणि एक झेंडा

नजरेला इतकी कडक शिस्त असलेला माणूस हिंगोलीच्या हळद बाजारात दुसरा झाला नाही आणि होणारही नाही. हा माणूस म्हणजे माझ्या मावशीचा नवरा. आम्ही त्यांना काका म्हणायचो. परक्याच्या घरातलं कॅलेंडर वाकडं दिसलं तरी ते उठून सरळ करत. ताटातल्या पोळ्या एकाच मापाच्या लागत. मावशी म्हणायची, "वाकडी पोळी खाल्ली की पोट दुखतंय यांचं."

दोन हजार सालाच्या आसपास त्यांनी आपल्या लग्नपत्रिकांच्या दुकानात कॉम्प्युटर आणला. पडद्यावर फाइलींची नाना तऱ्हेची चित्रं पाहून त्यांना दोन दिवस जेवण गेलं नाही. "हरेकाचं तोंड येगळं! ही काय जत्रा हाय का?" असं म्हणत त्यांनी एकेक ठिपका भरून हळदीच्या रंगाचा चौकोन काढला, त्याला कुंकवाची बारीक कड दिली आणि प्रत्येक फाइलला तेच चित्र चिकटवलं. खालची नावंसुद्धा तीन-तीन अक्षरांत कापली, कारण लांब नाव रांगेबाहेर लोंबतं. पण खरं सांगतो, तो पडदा पाहून मी थक्क व्हायचो. लोक काही छापायचं नसतानाही तो बघायला येत. त्यातली हवी ती फाइल काका नुसत्या जागेवरून उघडत. नाव वाचणं त्यांना कमीपणाचं वाटे.

मग ऐन लग्नसराईत वीज गेली, आली, आणि कॉम्प्युटरनं सगळे चौकोन स्वतःच्या मर्जीनं नव्याने मांडले. रांगा सरळच होत्या, म्हणून काकांना शंका आली नाही. त्या दिवशी बंजारा तांड्यावरचे एक गृहस्थ मुलीची पत्रिका करायला आले होते. पत्रिकेच्या माथ्यावर घरच्या देवाची खूण लागते, आणि दर देवाची फाइल वेगळी. त्यांची खूण पांढरा झेंडा. काकांनी ठरलेल्या जागेवरचा चौकोन उघडला, चित्राकडे न बघता पट्टीनं समास मोजला, सगळं बराबर आलं म्हणून खूश झाले आणि गठ्ठा बांधून दिला.

दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ गठ्ठा घेऊन परत आले. "साहेब, पहिली पत्रिका देवापुढं ठेवाया गेलो, तर वर घोड्यावरचा खंडोबा. आमी रागावलो न्हाई, पण आमच्या देवाला काय सांगावं?" लग्न तोंडावर आलेलं, आणि देवापुढे ठेवल्याशिवाय एकही पत्रिका वाटता येणार नव्हती. काकांचा चेहरा इतका उतरलेला मी कधी पाहिला नव्हता.

त्यांनी पत्रिका तिथल्या तिथे पुन्हा छापून दिल्या आणि मग त्या चौकोनांना हात घातला. रंग तोच, कड तीच, फक्त आत प्रत्येक देवाची खूण. घोडा, त्रिशूळ, बेलाचं पान, सगळं नेमकं बसलं. झेंडा तेवढा बसेना. आत कोंबला की रुमाल दिसे. शेवटी काकांनी डोळे मिटले आणि काठीचं टोक चौकोनाबाहेर जाऊ दिलं. एवढीशी काठी, पण त्यांना ती फार लागली. "बघ, रांग मोडली," ते मला म्हणाले.

काही वर्षांनी तेच गृहस्थ धाकटीच्या पत्रिकेसाठी आले. काका फाइल उघडणार तोच त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "ह्यो आमचा." इतक्या पिवळ्या गर्दीतून, नाव न वाचता, एका क्षणात. काका नुसते त्या बोटाकडे बघत राहिले आणि मग चष्मा काढून पुसू लागले.

काका आता नाहीत. दुकानही नाही. त्या अख्ख्या पडद्यात मला ती बाहेर आलेली काठीच सगळ्यात सुंदर वाटायची, हे त्यांना सांगायचं राहून गेलं.