पाणी परत येईपर्यंत

शिवराजप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात गिऱ्हाइकाला खिळे तोलून देत होतो. "काका, अप्पा गेले," त्याचा मुलगा म्हणाला. मी "बरं" म्हणालो आणि तोलत राहिलो. गिऱ्हाईक गेल्यावर कळलं, आपण काय ऐकलं ते... त्याला आता सहा आठवडे झाले. कमलनगरच्या बाजारात त्याचं शिलाईचं दुकान माझ्या हार्डवेअरच्या अगदी समोर. तीस वर्षं आम्ही रस्त्याच्या दोन बाजूंनी एकमेकांशी बोलत आलो. आता तिकडं बघायचं नाही असं रोज ठरवतो आणि रोज बघतो.

अप्पा कुणालाही कुठलीही गोष्ट एकदाच विचारायचा. मापही एकदाच घ्यायचा. "दुसऱ्यांदा टेप लावली की माणूस पोट आत घेतोय, मग सदरा तंग होतोय," असं त्याचं शास्त्र. चहा घेणार का, तेही एकदाच. नाही म्हटलं की एकट्याचा मागवायचा. मी मात्र आग्रह झाल्याशिवाय हो न म्हणणारा. पुष्कळदा त्याच्या चहाला मुकलो, आणि वर त्यालाच माणूसघाणा ठरवून मोकळा झालो.

वेड त्याला एकच होतं. मांजरा नदी आमच्या भागातून जाते, पुढे गोदावरीला मिळते आणि गोदावरी समुद्राला. ते पाणी समुद्रात शिरताना त्याला बघायचं होतं. "आपल्याकडचं पाणी तिथं पोचतंय का न्हाई, बघून येऊ की," गेल्या हिवाळ्यात तो म्हणाला. त्या दिवशी मी कसा कोण जाणे, पहिल्याच विचारण्याला हो म्हणून बसलो.

आंध्रात गोदावरीच्या मुखाशी खाडीचं अभयारण्य आहे. सकाळी पोचलो. खारफुटीच्या झाडीतून लाकडी पुलावरून अर्धा तास चाललो, तर पुढे नुसता चिखल, पार लांबपर्यंत. चिखलातून मुळं बोटांसारखी वर आलेली, खेकडे तिरपे पळणारे, बगळे गप उभे, आणि मधोमध पाण्याचा एक बारका ओहळ. आम्ही कोरडवाहू मुलखातली माणसं. आटलेली नदी आम्हाला लांबून ओळखू येते. "अप्पा, हिथंबी बोंबच हाय," मी म्हणालो. "चिखल तर आपल्याकडंबी व्हता." तो कठडा धरून ओहळाकडं बघत उभा राहिला.

परतताना तिथल्या निसर्ग शिक्षण केंद्रात गेलो. भिंतींवर पक्ष्यांची चित्रं, काचेच्या पेटीत मासे धरणाऱ्या रानमांजराचा पुतळा. एक मुलगी तेलुगूत माहिती सांगत होती. अप्पाचं आजोळ औरादकडचं, तेलंगणाच्या शिवेवरचं, त्याला तेलुगू चांगलं यायचं. मला 'नीळ्ळु' म्हणजे पाणी, एवढंच. तो तिला खोदून खोदून विचारत होता आणि मी बाकावर पाय चोळत बसलो होतो. साखरेच्या दुखण्यानं घोटे टम्म सुजले होते. तो आला, माझ्या पायांकडं बघितलं.

"माणिक, आजचा दिस हिथंच राहू का?"

"कामून? चिखल वाळायलाय ते बघायला? एकची गाडी हाय."

"बरं," म्हणाला, आणि माझी पिशवी उचलली.

गेल्या आठवड्यात अक्कांना, त्याच्या बायकोला, भेटायला गेलो होतो. बोलता बोलता म्हटलं, बिचाऱ्याची एक इच्छा राहिली, नेमकी नदी आटलेली निघाली. अक्का म्हणाल्या,

"आटली नव्हती भाऊ. ओहोटी व्हती म्हणं. चार वाजता पाणी भरून येतंय, पार पुलाखाली. त्या पोरीनं सांगितलं व्हतं त्यांना."

"मग मला कामून बोलला न्हाई?"

"तुमचे पाय सुजले व्हते म्हणं. माणिकला घरी न्यायचं व्हतं, म्हणले."

मला त्याचा रागच आला. दुसऱ्यांदा विचारलं असतंस तर काय बिघडलं असतं? आणि नंतर स्वतःचा आला, तो अजून गेलेला नाही. आमच्यात दहन करतात, त्यांच्यात बसवून पुरतात. राख असती तर मी एकटा घेऊन गेलो असतो, भरतीची वेळ विचारून. तीही सोय नाही. विभूती लावून त्याला त्याच्याच शेतात बसवलं, त्याच्यावर मूठभर माती मीही टाकली.

खाडीवरून परतलो त्या दिवशी गाडी वेळेवर आलीच नाही. एकची गाडी साडेचारला आली. तेवढा वेळ आम्ही फलाटावर बसून होतो. मी गाडीला शिव्या घालत होतो, अप्पा शेंगा सोलून माझ्या हातावर ठेवत होता, गावातल्या गमती सांगून मला हसवत होता. चारच्या सुमारास तो उठला, फलाटाच्या पार टोकाला गेला आणि पूर्वेकडं तोंड करून उभा राहिला. मला वाटलं, गाडी बघतोय. खाडीही तिकडंच होती. "अरे ये की हिकडं," मी हाक मारली, "तू बघितल्यानं गाडी लवकर येत न्हाई." तो लगेच आला, माझ्या शेजारी बसला आणि पुन्हा शेंगा सोलायला लागला.