विवराच्या वाटेवर भेटलेला मिलिंद

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही, हे आधीच सांगते. नागपूरच्या बौद्ध घरात वाढले. नवस, अंगारे, बाहेरची बाधा असलं काही आमच्याकडे कधी चाललं नाही. आता अमेरिकेत शुगर लँडला राहते, पाइपलाइनच्या कंपनीत सेफ्टी इंजिनिअर आहे. काही बिघडलं की कारण शोधायचं, हेच माझं काम. म्हणून इथे लिहितेय... कुणाला कारण सुचलं तर सांगा.

गेल्या वर्षी मी आणि माझा नवरा मिलिंद टांझानियाला गेलो होतो. तिथे उत्तरेकडच्या उंच डोंगरांत एम्पाकाई नावाचं ज्वालामुखीचं विवर आहे. उतारावर दाट जंगल, तळाशी तळं. जीप वर काठावर ठेवून पायी तळापर्यंत उतरायचं; सोबत बंदूकवाला रेंजर असतो. ऐनवेळी मिलिंद म्हणाला, "ॲसिडिटी झालीय यार. तू जाऊन ये, मी जीपमध्येच बसतो."

चिडले, पण गेले. परतीच्या चढावर धुकं उतरलं. रेंजर जोसेफ जरा मागे राहिला होता. एका वळणावर बघते तर समोर मिलिंद! सकाळी घातलेलं तेच निळं जॅकेट.

"बरं वाटलं का रे?"

"चल, वरपर्यंत सोबत येतो," तो म्हणाला.

थोडं चाललो असू. मग एकदम म्हणाला, "सुजू, अधूनमधून छातीत कळ येते गं. पहिल्यांदा ऑफिसच्या पार्किंग गॅरेजमध्ये आली, गाडीला टेकून उभा राहिलो. तुला बोललो नाही."

"आणि हे आत्ता सांगतोयस?" मी ओरडलेच. तो पुढे लेस बांधायला वाकला — "तू हो पुढे, आलोच."

वर पोचले, तर मिलिंद जीपच्या मागच्या सीटवर झोपलेला!

हलवून उठवलं. "कुठल्या वाटेनं आलास?"

"कसली वाट? मी इथेच आहे."

ड्रायव्हरही तेच म्हणाला. दोघांनी मिळून माझी मस्करी चालवलीय, असं वाटलं. पण पायवाटेवर चिखल होता, माझे बूट बरबटलेले... आणि मिलिंदचे पांढरे स्नीकर्स कोरडे ठणठणीत. तेवढ्यात जोसेफ आला. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही एकट्याच मोठ्यानं बोलत होतात. मला वाटलं, फोनवर आहात." तिथे नेटवर्कच नव्हतं!

मग मी मिलिंदला पार्किंग गॅरेजचं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला.

"हे तुला कोणी सांगितलं?"

"तूच! आत्ता!"

"खोटं बोलू नकोस, सुजाता. माझा फोन बघितलास ना? डॉक्टरला मेसेज टाकला होता मी."

परत आल्यावर हट्टानं तपासण्या करायला लावल्या. हृदयाची मुख्य रक्तवाहिनी जवळजवळ बंद होती. स्टेंट टाकला. "वेळेवर आलात," डॉक्टर म्हणाल्या.

आता तो ठीक आहे. पण घरी परतताच त्यानं फोनचा पासकोड बदलला. मी त्याचा फोन पाहिला नव्हता, शपथेवर सांगते. त्याला पटत नाही... आणि मलाही त्याचं पटत नाही. तो खाली आला होता आणि कबूल करत नाहीये, असंच मी धरून चालते. कारण तो आला नव्हता म्हटलं, तर माझ्याशी कोण बोललं, हे मला स्वतःला विचारावं लागेल. ती हिंमत अजून झालेली नाही.