दोन पावलं डावीकडं

माझं शेवटचं फील्ड पोस्टिंग राजस्थानच्या सरहद्दीवर झालं. मी तोफखान्याच्या सर्व्हे पार्टीत हवालदार होतो. गाव कडेगाव तालुक्यातलं, घरचा ऊस, त्यामुळे डोळ्यांना हिरव्याची सवय. तिथं नजर जाईल तिथवर वाळू. पहिले दोन महिने मला वाटायचं, सरकारनं कसली तरी शिक्षाच दिली आहे.

काम मात्र आवडीचं होतं. वाळूच्या टेकड्या वाऱ्यानं सरकतात. आज ज्या टेकडीच्या खुणेनं तोफेचं अंतर धरलं, ती काही महिन्यांत रूप बदलते. म्हणून दर पंधरा दिवसांनी ठरलेल्या जागांवरून समोरच्या मुलखाचे फोटो काढायचे आणि जुन्या फोटोंशी ताडून बघायचे. तेही सूर्य उगवल्यावर पहिल्या वीस मिनिटांत. तेव्हा सावल्या लांब पडतात, चढउतार दिसतात. ऊन वर आलं की सगळं चादर अंथरल्यासारखं सपाट होतं.

आणि फोटोत माणूस लागतो. तिथं ना झाड, ना घर. सहा फुटांचा उंचवटा आणि साठ फुटांची टेकडी फोटोत सारखीच दिसते. म्हणून एक जवान लाल-पांढरा दांडा घेऊन टेकडीवर उभा करायचा. आमचा तो जवान म्हणजे नाईक इकबाल मुजावर. मिरजेचा, तानपुरे बनवणाऱ्या घरातला. त्याची उंची पाच फूट आठ इंच, हे सगळ्या पार्टीला पाठ होतं, कारण त्यावरूनच आम्ही टेकड्या मोजायचो.

"उस्ताद, चाळीस फोटू झालं," तो म्हणायचा. "एकातबी माझं नाक दिसंना."

"तुझं नाक बघून तोफ डागायची न्हाई रं."

"तरी एकदा चांगला काढा की. अब्बांना दावायला."

माझ्यात एक खोड होती. कामापुरता फोटो मला कधी पुरायचा नाही. तो देखणाही लागायचा. एकेका फोटोला मी इतका वेळ लावायचो की पार्टीतले मला 'लग्नाचा फोटोग्राफर' म्हणत. मला ते आवडायचं, हेही खरं.

डिसेंबरचा शेवटचा आठवडा होता. आदल्या संध्याकाळी कॅप्टन साहेबांनी ब्रीफिंग दिलं. नवी जागा होती. तिथं पूर्वी कधीतरी सुरुंग पेरले होते, नंतर काढलेही होते. पण वाळूबरोबर सुरुंगही सरकतात, आणि काढताना सगळेच हाती लागतात असं नाही. इंजिनिअर्सनी टेकडीपर्यंत एक वाट तपासून तिच्या दोन्ही बाजूंना लोखंडी खुंट ठोकले होते आणि पांढरी टेप बांधली होती. साहेबांनी दोनदा सांगितलं, "टेप दिखे तो आगे. टेप गायब, तो वहीं रुको."

पहाटे पाच वाजता चहा. सव्वासहाला निघालो. बाटलीतल्या पाण्यात बर्फाचे खडे वाजत होते. कॅमेऱ्याची बॅटरी थंडीत बसते, म्हणून ती मी बनियनच्या आत, काखेत धरली होती. सात वाजता ट्रायपॉड लावला. इकबाल दांडा खांद्यावर टाकून वाटेनं चालत गेला आणि टेकडीच्या कण्यावर उभा राहिला. माझ्यापासून दोनशे मीटर. बोलणं वॉकी-टॉकीवर. साहेब थोडे मागे, दुसऱ्या खुणेचा कोन घेत होते.

सात पंचवीसला सूर्य आला. असा उजेड मी आयुष्यात परत पाहिला नाही. टेकडीची एक बाजू तांबूस, दुसरी निळसर, आणि मधोमध कण्याची रेघ. मी डोळा लावला आणि वैतागलो. इकबालच्या बरोबर मागे एक खुंट येत होता.

"इकबाल, खुंट तुझ्या डोक्यातनं उगवलाय बघ. ओव्हर."

"मग काय करू? ओव्हर."

"दोन पावलं डावीकडं सरक."

त्यानं पायाशी बघितलं. "उस्ताद, हितं टेप वाळूत गेलीय. दिसंना. ओव्हर."

नियम मला ठाऊक होता. खुंट मागे असला तरी कामाला फोटो चालला असता. उंची कळली असती, दांडा दिसला असता. सगळं जमलं असतं, फक्त फोटो देखणा झाला नसता.

"दोनच पावलं रं," मी म्हणालो.

तो सरकला. छाती काढून उभा राहिला. सात एक्केचाळीसला मी बटण दाबलं. मग तो दांडा खांद्यावर घ्यायला वळला, आणि स्फोट झाला.

मागून साहेब ओरडले, "कोई नहीं हिलेगा!" त्यांनी लगेच सेट हातात घेतला. "वन कॅज्युअल्टी. माइन. हेलिकॉप्टर भेजो. ओव्हर." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "साब, उसके पाँव के निशान हैं."  त्यांनी होकाराची मान हलवली.

इकबाल जिथं जिथं पाऊल टाकत गेला होता, तिथंच मी पाऊल टाकत गेलो. त्याच्या बुटात माझा बूट. शेवटची दोन पावलं डावीकडं होती. 

त्याचा उजवा पाय गेला होता. मी पट्टा आवळून बांधला. तो शुद्धीवर होता.  म्हणाला, "फोटू आला का, उस्ताद?"

"आला. लय चांगला आलाय."

हेलिकॉप्टर आठ वीसला उतरलं. इकबाल आठ दहाला गेला होता.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मी काहीही लपवलं नाही. दोन पावलं मीच सरकवली, असं लिहून दिलं. कडक ताशेऱ्याची नोंद झाली, बढती थांबली, हवालदार म्हणूनच घरी आलो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. निघताना सी.ओ. साहेबांनी त्या फोटोतला फक्त टेकडी आणि इकबाल एवढा भाग छापून माझ्या हातात दिला. म्हणाले, "घरवालों तक पहुँचा देना."

तो मी सहा वर्षं ट्रंकेत ठेवला. फोटो दिला की पुढचा प्रश्न येणार, पोरगा तिथं उभा का होता? साहेबांसमोर खरं बोललो, पण बापासमोर बोलायची छाती होईना. गुडघा दाखवायला मिरजेला दवाखान्यात चार वेळा गेलो आणि चारही वेळा त्यांच्या गल्लीच्या तोंडावरून परत आलो. मला माझीच लाज वाटायची.

गेल्या महिन्यात पाचव्यांदा गेलो. त्या दिवशी पाय आपोआप आत वळले. कारखान्यात आढ्याला तानपुऱ्यांचे भोपळे टांगलेले. इकबालचे अब्बा जमिनीवर बसून एक दांडा घासत होते. मी 'चाचा' म्हणून हाक मारली, नाव सांगितलं, फोटो दिला. त्यांनी नक्षीकामाची भिंगं डोळ्याला लावली. फोटोत इकबाल ज्वारीच्या दाण्याएवढा. ते बराच वेळ बघत राहिले.

मी उभ्यानंच सगळं सांगितलं. खुंट, टेप, दोन पावलं. तो शेवटी काय म्हणाला, तेही.

"तुमी सांगितलं म्हणून सरकला?" चाचांनी विचारलं.

"व्हय."

त्यांनी भिंगं काढून सदऱ्याला पुसली. 

"माझं कवा ऐकलं न्हाई त्यानं," ते म्हणाले. "हितं बस म्हटलं तर तितं जायाचा. भोपळं सोडून फौजेत गेला. तुमचं ऐकलं." मग भिंगं खाली ठेवून, "मला राग हाय, हवालदार. खोटं कशाला बोलू? पर तुमी आलासा. बसा."

मी बसलो. चहा आला. तो मी प्यालो.

निघताना त्यांनी इकबालचा फोटो समोरच्या भोपळ्याला टेकवून ठेवला आणि माझ्या खिशातल्या मोबाइलकडे बोट केलं. "माझा एक काढा. त्याच्यासंगं." मी त्या सकाळनंतर कुठल्याही माणसाचा फोटो काढला नव्हता. मोबाइल धरला तेव्हा मागचा एक दांडा नेमका चाचांच्या डोक्यातून उगवल्यासारखा दिसत होता.

त्यांना माझी अडचण कळली असावी. "सरकू का जरा?"

"नगा," मी म्हणालो. "हाय तितंच बसा, चाचा. अजिबात हलू नगा."