पान चारशे बाराचं शुद्धिपत्र

सभागृहाच्या ग्रंथालयात त्याला 'स्वल्पविराम' म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण टेबलं इतकी जवळजवळ होती की कानावर पडायचंच. दर निवडणुकीनंतर निवडून आलेल्या आमदारांची ओळख करून देणारं एक जाडजूड पुस्तक निघतं, 'सदस्य परिचय'. ते तयार करणं हे त्याचं काम. जन्मतारीख, शिक्षण, व्यवसाय, लढवलेल्या निवडणुका, विशेष कार्य. पस्तीस वर्षं त्याने दुसरं काही केलं नाही. सहा पुस्तकं काढली आणि सहापैकी एकालाही शुद्धिपत्र लावायची वेळ येऊ दिली नाही. शुद्धिपत्र म्हणजे छापून झाल्यावर सापडलेल्या चुकीची कबुली देणारी चिठ्ठी, मुखपृष्ठाच्या आत पहिल्याच पानावर चिकटवतात ती. शेजारच्या खात्यातल्या अहवालांतून अशा चिठ्ठ्या पिसांसारख्या बाहेर डोकावत. याच्या पुस्तकाला एक नाही. आयुष्यात तेवढ्या एकाच गोष्टीचा त्याला तोरा होता, आणि बायकोच्या मते तो त्याने ऑफिसातच ठेवून घरी यायला हरकत नव्हती.

सातवं पुस्तक हे शेवटचं. ते निघालं की निवृत्ती. आणि या शेवटच्या पुस्तकाच्या माहितीपत्रकांच्या गठ्ठ्यात त्याला पुन्हा ते वाक्य भेटलं: 'एकाच मतदारसंघातून सलग आठ वेळा विजयी.'

आमदारसाहेबांचं अक्षर ठसठशीत होतं. कारकीर्दही तशीच. आठ वेळा निवडून आले हे शंभर टक्के खरं. 'सलग' हे शंभर टक्के खोटं. पहिल्या विजयानंतरच्या निवडणुकीत ते पडले होते, चांगले आपटले होते, आणि त्यांना पाडणारी बाई याची सख्खी थोरली बहीण होती.

ताई मालधक्क्यावरच्या वजनकाट्यावर नोकरीला होती. गाडी भरलेली असो की रिकामी, व्यापारी ओळखीचा असो की अनोळखी, काटा जे सांगेल ते ती लिहायची. वीस वर्षं तिने कुणाचं किलोभर वर केलं नाही की खाली. त्यामुळे व्यापारी वैतागले आणि हमाल खूश झाले, आणि एके वर्षी हमालांनीच तिला निवडणुकीला उभं केलं. प्रचार असा काही नव्हताच. लोक म्हणाले, हिने कधी काटा मारला नाही, आणि दोनशे बारा मतांनी ती आली. चौदा महिन्यांत सरकार गडगडलं, सभागृह बरखास्त झालं, पुन्हा निवडणूक लागली आणि साहेब परत निवडून आले, ते आजतागायत. मधले चौदा महिने मग हळूहळू जिरवले गेले. सुरुवातीच्या दोन माहितीपत्रकांत साहेबांनी नुसतेच आकडे दिले. तिसऱ्यात 'सलग चार वेळा' आलं. मग सलग पाच, सलग सहा, सलग सात.

दर खेपेला स्वल्पविरामाने समासात पेन्सिलीने लिहिलं, 'तपासावे'. दर खेपेला ग्रंथपालांनी ते खोडरबराने पुसलं. ग्रंथपाल बदलत गेले, खोडरबर तोच.

"तुम्ही उगाच डोक्याला ताप करून घेता," आताचे ग्रंथपाल म्हणाले. वयाने त्याच्याहून वीस वर्षांनी लहान, स्वभावाने सरळ, पण नियमाच्या बाहेर पाऊल टाकायचं म्हटलं की घाम फुटायचा. "पुस्तकावर काय छापलंय? 'सदस्यांनी स्वतः दिलेली माहिती, जशीच्या तशी.' जशीच्या तशी म्हटल्यावर आपण कोण हात लावणारे?"

"साहेब, निकालाच्या नोंदी आहेत ना. तळघरात पडल्यात. मी आणून दाखवतो."

"नोंदी राहू द्या नोंदींच्या जागी. आणि एक सांगू का? लोक म्हणतात, बहिणीसाठी भांडतोय."

त्याची सगळी गोची तिथेच होती. दुसऱ्या कुणाची बहीण असती तर तो टेबलावर मूठ आपटून बोलला असता. आता खरं बोलायलाही लाज वाटायची आणि गप्प बसायलाही. अशी वीस वर्षं तो मूग गिळून बसला होता. वैताग इतका मुरला होता की सकाळी दाढी करताना आरशाशी वाद घालायचा.

आणि याच्या खाली आणखी एक गोष्ट होती, जी त्याने कुणालाही सांगितली नव्हती. चौदा महिन्यांच्या त्या सभागृहाचा 'सदस्य परिचय' निघालाच नाही. सगळी माहितीपत्रकं आली होती, जुळणी झाली होती, छापखाना दर आठवड्याला विचारत होता. एकच कागद यायचा होता. ताईचा. 'विशेष कार्य' हा रकाना तिने कोरा ठेवला होता आणि कागद द्यायला तयार नव्हती. "अजून काही केलेलंच नाही तर लिहू काय? काहीतरी होऊ दे, मग देते," म्हणाली. हा तेव्हा सत्तावीस वर्षांचा, नोकरीचं चौथं वर्ष. अपुरं पुस्तक काढायचं नाही म्हणून त्याने छापखान्याला थोपवून धरलं, आज देते, उद्या देते. तेवढ्यात सभागृहच गेलं. बरखास्त सभागृहाचं पुस्तक कोण छापतं? गठ्ठा नाडीने बांधून कपाटात गेला. साहेबांच्या 'सलग'ला वाट मोकळी करून दिली ती यानेच, स्वतःच्या हाताने.

यंदा मात्र फट सापडली. पुस्तकाच्या परंपरेला पन्नास वर्षं झाली म्हणून वरून आदेश आला, राहून गेलेलं सगळं परिशिष्टात घ्या. नाडीचा गठ्ठा तीस वर्षांनी सुटला. त्यातले निम्मे सदस्य आता हयात नव्हते, पण त्यांच्या सह्या होत्या. नव्हती ती एकीचीच.

"सही असेल तर घेऊ," ग्रंथपाल म्हणाले. "नसेल तर नाही. बहीण असली तरी."

रविवारी तो ताईकडे गेला. रेल्वेच्या पलीकडे, तिसरा मजला, दोन खोल्या. जाताना पादचारी पूल ओलांडावा लागतो. पुलाच्या पायथ्याशी साहेबांच्या नावाची संगमरवरी पाटी आहे, आणि ती पाटी पाहिली की त्याच्या पायांत गोळे यायचे, पायऱ्या चढायच्या आधीच. कारण या पुलासाठी सभागृहात पहिला प्रश्न विचारला होता ताईने. उत्तर आलं होतं, 'बाब विचाराधीन आहे.'

चौऱ्याहत्तराव्या वर्षीही ती खिडकीशी ताणलेल्या दोरीसारखी ताठ बसली होती. त्याने कोरा कागद पुढे केला. तिने चष्मा लावला, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि परत दिला.

"विशेष कार्य काय लिहू? विचाराधीन?"

"काहीही लिही ताई. 'जनसेवा' लिही. सगळे लिहितात."

"सगळे लिहितात म्हणून मी लिहू?"

"मग रेघ मार. फुली मार. पण सही कर."

"रिकाम्या गाडीला मालाची पावती मी कधी फाडली नाही," ती म्हणाली, "आता कशाला फाडू? चौदा महिने म्हणजे काय रे. जाऊ दे. चहा घेतोस का?"

तेव्हा तो बिथरला. उभ्या जन्मात ताईसमोर आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढला. "चहा नको मला. तुझ्या या एका रकान्यापायी मी अख्खं पुस्तक अडवून धरलं होतं, कळतं का तुला? आठ महिने छापखान्याला खोटं सांगत राहिलो. तुझा कागद येईल, तुझा कागद येईल. तू तिकडे काहीतरी व्हायची वाट बघत बसलीस, मी इकडे तुझी. आणि त्या माणसाने आपल्या दोघांना पुसून टाकलं. खोटं बोलून नाही, ताई. आपण काही बोललोच नाही म्हणून."

ताईने चष्मा काढला. लुगड्याच्या पदराने काचा पुसल्या.

"हे मला तेव्हा का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तरी तू काय केलं असतंस?"

"काहीच नाही," ती म्हणाली. "पण माझ्यामुळे तू अडकलायस हे कळलं तरी असतं." मग म्हणाली, "पेन दे."

सावकाश, एकेक अक्षर जोखून लिहिलं तिने. 'विशेष कार्य: मालधक्क्याजवळ पादचारी पूल व्हावा म्हणून एक प्रश्न विचारला. उत्तर मिळाले नाही.' निवडणुकांच्या रकान्यात तर तिने कहरच केला. पस्तीस वर्षांत हजारभर माहितीपत्रकं त्याच्या हातांखालून गेली होती, त्यात कुणी आपला पराभव लिहिलेला नव्हता. हिने लिहिला. 'तीन लढवल्या. पहिल्या निवडणुकीत या मतदारसंघाचे तेव्हाचे व आताचे आमदार यांचा २१२ मतांनी पराभव केला. दुसरी त्यांच्याकडूनच ४,०३७ मतांनी हरले. तिसरी याहून वाईट हरले.' आणि खाली सही.

सोमवारी ग्रंथपालांनी कागद दोनदा वाचला. कपाळावर आठ्या पडल्या.

"हे असं छापायचं?"

"सदस्यांनी स्वतः दिलेली माहिती आहे, साहेब," स्वल्पविराम म्हणाला. "जशीच्या तशी."

ग्रंथपालांनी त्याच्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, खणातल्या खोडरबराकडेही पाहिलं असावं. "परिशिष्टात ना? जाऊ दे मग. तिथवर कोण जातंय."

हे मात्र त्यांचं अगदी खरं निघालं. पुस्तक निघालं, सहाशे चाळीस प्रती. साहेब पान एकसष्टवर सलग आठ वेळा विजयी होते, ताई पान चारशे बारावर त्यांना पाडत होती, आणि या दोन पानांच्या मधलं अंतर कुणीही चाललं नाही. प्रकाशनाला साहेब स्वतः आले. पुस्तक उघडून आपला फोटो पाहिला, मिटलं, स्वल्पविरामाच्या पाठीवर थाप मारली आणि "उत्तम काम, निर्दोष काम," म्हणाले. तो हात चोळत उभा राहिला. एवढा जिवाचा आटापिटा करून पदरात पडली ती थाप.

त्याच संध्याकाळी तो ताईसाठी एक प्रत घेऊन गेला. तिने पान चारशे बारा काढलं. वाचलं. मग बोट एका जागी ठेवून पुस्तक त्याच्याकडे फिरवलं.

"हे किती लिहिलंय?"

त्याने पाहिलं. २२१. दोनशे बाराचे दोनशे एकवीस. मुद्रित त्याने स्वतः तीनदा तपासलं होतं. बाकीची चारशे अकरा पानं डोळ्यांत तेल घालून वाचली, आणि हे पान प्रत्येक वेळी वाचताना डोळे भरून आले म्हणून नीट दिसलंच नाही.

"नऊ मतं जास्त दिलीस मला," ताई म्हणाली.

"राहू दे ना ताई. कोण बघतंय? इतकी वर्षं एकही चिठ्ठी लागू दिली नाही मी. शेवटच्या पुस्तकाला नको. हात जोडतो."

"माझी नव्हेत ती मतं. त्याचं 'सलग' आणि माझे हे नऊ, फरक काय मग?" तिने कागद ओढला. "तक्रार कुणाच्या नावाने लिहायची, ग्रंथपालांच्याच ना?"

सदस्याने तीस दिवसांत लेखी तक्रार केली तर शुद्धिपत्र काढावंच लागतं, हा नियम. त्याने हे दुखणं गिळत तो कागद दुसऱ्या दिवशी ग्रंथपालांपुढे ठेवला. ते भडकले.

"नऊ मतांसाठी? सहाशे चाळीस प्रती? बरं, आकडा द्या छापून आणि संपवा एकदाचं."

"नुसता आकडा देता येत नाही, साहेब," तो पडेल आवाजात म्हणाला. "दुरुस्त केलेलं अख्खं वाक्य द्यावं लागतं. नियम सात."

बोलून झालं आणि ते अख्खं वाक्य कोणतं, हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. ग्रंथपालांनी नियमांची पुस्तिका काढली, नियम सात वाचला, पुन्हा वाचला. मग पुस्तिका मिटून डोकं धरून बसले. स्वल्पविराम टेबलाच्या कडेला हात टेकून उभाच राहिला.

चिठ्ठ्या छापून आल्या त्या त्याच्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात. मदतीला कुणी आलं नाही, आणि त्याने मागितलीही नाही. खळीचा डबा आणि ब्रश घेऊन चार दिवस तो एकेक प्रत उघडत होता आणि मुखपृष्ठाच्या आत चिठ्ठी चिकटवत होता. दर प्रतीला त्याला वाईट वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. आयुष्यभर जपलेली एकच गोष्ट तो सहाशे चाळीस वेळा आपल्या हाताने डागाळत होता. साहेबांच्या नावाची प्रत त्याने वेगळी काढली नाही. ती एकशे अठ्ठाविसावी आली, तेव्हा चिकटवली.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी तो ताईकडे गेला. तिने नवी प्रत गुडघ्यावर ठेवून उघडली. पहिल्याच पानावर, आमदार, मंत्री, सभापती यांच्या कुणाच्याही आधी, चिठ्ठी होती. तिने मोठ्याने वाचलं.

"शुद्धिपत्र. पान चारशे बारा. 'पहिल्या निवडणुकीत या मतदारसंघाचे तेव्हाचे व आताचे आमदार यांचा २१२ मतांनी पराभव केला,' असे वाचावे. चुकीबद्दल दिलगीर आहोत."

आकड्यावर तिने एकदा बोट फिरवलं.

"सगळ्या प्रतींना लावलीस?"

"सगळ्या."

"वाकडी एकही नाही ना?"

"नाही."

"मग ठीक आहे," ताई म्हणाली. तिने चष्मा काढून पुस्तकावर ठेवला आणि चहा टाकायला उठली.