तीन, चार, पाच नंबरची गाडी

हामादेंच्या गाडीत एकदाही न बसलेला माणूस हिमी गावात शोधायचा, तर तो बाहेरगावाहूनच आणावा लागला असता. पांढरी, आठ माणसांची, कपाटासारखी उभीच्या उभी गाडी. गावात तिला ‘हत्ती’ म्हणत. तेत्सुओ हामादे बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात नोकरीला होता आणि दर रविवारी गावातल्या पोरांना बेसबॉल शिकवायचा. एकोणीस वर्षं त्या हत्तीनं पोरं वाहिली, बॅटी वाहिल्या, चिखल वाहिला, शेवटी शेवटी तेत्सुओच्या आईची चाकांची खुर्चीसुद्धा वाहिली. आता पोरं बापे झाली होती, आई देवाघरी गेली होती आणि हत्तीत दोनच माणसं बसत होती. पुढे तेत्सुओ, त्याच्या डावीकडे त्याची बायको मियोको. मागच्या सहा सीटांवर बाजारातून आणलेला एक कोबी इकडून तिकडे गडगडत असायचा.

दर दोन वर्षांनी व्हायची ती सरकारी तपासणी नोव्हेंबरात आली, आणि गॅरेजवाल्यानं तोंड वाकडं केलं. दुरुस्तीची यादी हातभर लांब. कानाझावाहून मुलगी सातोमी फोनवर म्हणाली, “बाबा, तुम्ही दोघं दोन वेळा बाजारात जाता आणि एक टाकी पेट्रोल पिता. लहानशी हायब्रिड घ्या. विजेवर पण चालते, पेट्रोलवर पण.”

“आणि तुम्ही सगळे आलात तर बसणार कुठे?”

“बाबा, आम्ही आमच्या गाड्यांनी येतो. दहा वर्षं झाली.”

मियोको भांडी पुसत होती. तिनं एक वाटी तीनदा पुसली. हत्ती जावा असं या घरात कुणाला मनापासून वाटत असेल, तर ते तिलाच, आणि हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं.

त्याचं कारण असं. मियोकोकडे लायसन्स होतं, आणि तेही साधंसुधं नाही, सोनेरी पट्टीचं. पाच वर्षांत एकही गुन्हा, एकही अपघात नाही, अशा सभ्य चालकालाच सरकार ती पट्टी देतं. मियोकोच्या हातून गुन्हा होणार कसा? लग्नानंतर तिनं दोनदा गाडी चालवली. दुसऱ्यांदा देवळाच्या दगडी कंदिलाला घासली. सासूबाई म्हणाल्या, “राहू दे सूनबाई, देवाला तरी सोड.” त्यानंतर चव्वेचाळीस वर्षं ती लायसन्स काढायची, नूतनीकरण करायची आणि पर्समध्ये ठेवून द्यायची. पुढे हत्ती आला. त्याच्यात चढायलाच तिला कडी धरावी लागे. तो चालवायचा म्हणजे बंगला चालवण्यातला प्रकार.

पण गेल्या मार्चमध्ये डोंगरापलीकडे हाकुईला जाणारी बस बंद झाली. हाकुईला तिची थोरली बहीण सुमिए राहते, एकटी. आता बहिणीकडे जायचं म्हणजे तेत्सुओला सांगायचं. तो न्यायचा, नाही म्हणायचा नाही. पण दारात गाडीत बसून राहायचा, आणि अर्ध्या तासानं घसा खाकरायचा. दोघी बहिणी चहा गिळून टाकत. अगदी मनातलं काही बोलायला लागावं, की बाहेर खाकरणं. मियोकोला एकदा, फक्त एकदा, स्वतःच्या मर्जीनं जायचं होतं आणि स्वतःच्या मर्जीनं परतायचं होतं. वय सहासष्ट. आता नाही तर कधी?

तर सप्टेंबरापासून ती दर मंगळवारी आगगाडीनं ताकाओकाला जाऊ लागली. घरी सांगितलं, फुलांची रचना शिकायला जाते. खरं म्हणजे ती जात होती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये. तिथं तिच्यासारख्या कागदी चालकांसाठी खास तास असतात. पहिल्याच दिवशी शिकवणारा गाडीतून उतरला, खाली वाकला आणि वाकल्या वाकल्याच ओरडला, “कोचकाकू!”

तो कितानो निघाला. तेत्सुओच्या संघातला जुना कॅचर. दहा वर्षांचा असताना हत्तीत ओकला होता आणि मियोकोनंच ते पुसलं होतं.

“कितानो, आमच्याकडे एक शब्द बोलायचा नाही. समजलं?”

“मेलो तरी नाही बोलणार, काकू!”

फुलं शिकायला जातो म्हटल्यावर घरी फुलं न्यायला हवीत. मियोको स्टेशनजवळच्या सुपरमार्केटमधून शेवंतीची जुडी घ्यायची आणि घरी येऊन फुलदाणीत काहीतरी उभं करायची. तेत्सुओ चष्मा लावून बघायचा.

“हे काय आहे?”

“शरद ऋतू.”

“आडवा का पडलाय?”

“वारा सुटलाय.”

“बरं शिकवतात,” तेत्सुओ म्हणायचा आणि पेपरात डोकं घालायचा.

शेवटी लहान हायब्रिडच घ्यायची ठरली. हत्तीला निरोप द्यायच्या आदल्या दिवशी दोघांनी मिळून तो धुतला. सीटांखाली दोन चेंडू निघाले, एकाच पायाचे पाच मोजे आणि एक भाताचा गोळा, जो आता दगडात जमा झाला होता. दुपारी जुन्या संघातले सात जण आले. एकेकाचं पोट असं, की सातांनी आत बसून फोटो काढताना दरवाजा बाहेरून ढकलावा लागला. कितानोही होता. मियोकोनं त्याच्याकडे डोळे वटारले. त्यानं आभाळाकडे बघितलं. तेत्सुओ हसत होता, पण फोटो झाल्यावर बोनेटवर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला. मियोकोला तेव्हा स्वतःची लाज वाटली. आपण कुणाच्या दुःखावर लाडू वळतोय असं झालं.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. हिमीत आकडे नुसते मोजत नाहीत, वाचतातही. एकेका आकड्याचे दोन-तीन उच्चार असतात. ते जोडले की शब्द होतो. तिथल्या दातांच्या डॉक्टरचा फोन नंबर ‘किडका दात शून्य’ असा वाचता येतो. दोन आणि नऊ मिळून ‘मांस’ होतं, म्हणून दर महिन्याच्या एकोणतीस तारखेला खाटीक भाव उतरवतो. गाडीलाही थोडी फी भरली की आवडीचा नंबर मिळतो. हत्तीचा नंबर शेहेचाळीस-एकोणपन्नास होता, म्हणजे ‘योरोशिकु’, आपल्या पत्राच्या शेवटी असतं तसं ‘लोभ असावा’. आणि नंबर वाचण्यात मियोकोचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. रस्त्यानं जाता जाता ती पुढच्या गाड्या वाचायची. ‘गुलाबवाले चाललेत.’ ‘हा नक्की वाणी असणार.’

नवी गाडी घ्यायला दोघं शोरूममध्ये गेली. आभाळ निरभ्र. काचेच्या दाराआड गाडी उभी, पिस्त्याच्या रंगाची, चार दारांची, पण अंगानं बेताची. सेल्समन त्सुबाता कमरेत वाकला, मग आणखी थोडा वाकला, आणि नंबराच्या पाटीवरचं फडकं त्यानं दोन्ही हातांनी उचललं.

तीन, चार, पाच.

मियोकोनं वाचलं आणि तिचा विरसच झाला. “अहो, हे काय? एक-दोन संपले होते, म्हणून तीनपासून मोजलेत का?”

तेत्सुओनं छताकडे बघितलं. त्याचे कान लाल झाले होते.

“सोपा म्हणून घेतलात. आता विसरायला होतं, म्हणून. निदान काहीतरी अर्थाचा तरी घ्यायचा!”

त्सुबाता बिचारा गोंधळला. “पण बाई, हे तर आपलंच…”

“तुम्ही थांबा हो,” तेत्सुओ म्हणाला. मग बायकोकडे न बघता, “वाच की. एरवी सगळ्या गावाचं वाचतेस.”

“सान, शि, गो. काही होत नाही त्याचं.”

“दुसरे उच्चार घे.”

“तीन म्हणजे मि. चार… यो.” ती थांबली.

पुढचं अक्षर तिच्या तोंडून निघेना. ते तिला येत नव्हतं असं नाही. या घरात ते नाव कुणी घेतच नव्हतं, तर डोळ्यांना दिसणार कसं? पोरं झाल्यापासून तेत्सुओ तिला ‘आई’ म्हणायचा, पोरं म्हणत तशी. त्याआधी ‘ए’. सासूबाईंची ती सूनबाई, संघातल्या पोरांची कोचकाकू, शेजाऱ्यांची हामादेंची बायको. आपल्याकडे नवऱ्याचं नाव बायको उखाण्यात घेते आणि पाहुणे हसतात. इथं चव्वेचाळीस वर्षांनी नवऱ्यानं उखाणा घेतला होता, आणि तोही पत्र्यावर कोरून.

“को,” ती म्हणाली. तिला हसू आलं आणि रडूही आलं, आणि कुठलं आधी बाहेर काढावं ते न कळल्यामुळे ती नुसती हुंदक्यासारखी हसली. त्सुबातानं तत्परतेनं कागदी रुमालांचा डबा पुढे केला.

“मी गाडी शिकतेय हे कुणी सांगितलं तुम्हाला?”

“कितानो.”

“मेलो तरी बोलणार नाही म्हणाला होता!”

“त्याच संध्याकाळी बोलला. मेला नाही.” तेत्सुओ घसा खाकरत म्हणाला, “आणि फुलांवर सुपरमार्केटचं लेबल असायचं, आई. दर मंगळवारी.”

“मग तेव्हाच का नाही बोललात?”

“तू बोलत नव्हतीस, मग मी कशाला बोलू?” आणि तो डावीकडच्या दारानं गाडीत जाऊन बसला. बायकोच्या जागेवर. गुडघ्यावर हात ठेवून, दाताच्या डॉक्टरकडे बसतात तसा.

मियोको स्टीअरिंगमागे बसली. सीट पुढे घेतली, आरसे लावले, मग तेच आरसे पुन्हा लावले. त्सुबाता रस्त्यावर जाऊन दोन ट्रक थांबवून उभा राहिला आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत वाकायचं म्हणून वाकला. मियोकोनं बटण दाबलं. काही आवाज नाही. चालू झाली नाही असं वाटून तिनं पुन्हा दाबलं. आता खरोखर बंद झाली. पुन्हा दाबलं. शांतता. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी निदान घरघरायची तरी. इकडे त्सुबाता वाकलेलाच. ट्रकवाले थांबलेले. एका ट्रकवाल्यानं टोपी काढली, कुणाचं काही दुःखद झालंय असं वाटून.

“चालू आहे,” तेत्सुओ म्हणाला.

“आवाज कुठे आहे?”

“नसतोच. हत्ती नाही ही.”

गाडी निघाली. मियोकोनं आभाराचे दिवे लुकलुकवले, दोन्ही ट्रकांनी लुकलुकवले, म्हणून तिनं पुन्हा लुकलुकवले, आणि हे सौजन्य पुढच्या सिग्नलपर्यंत पुरलं.

“घरी ना?” तेत्सुओनं विचारलं.

“हाकुईला,” मियोको म्हणाली. “ताईकडे. आणि जेवून येणार आहे. तुम्हाला यायचं नसेल तर स्टेशनवर सोडते.”

तेत्सुओनं थोडा विचार केला. “येतो. आत बसलो तर चालेल?”

“विचारते ताईला.”

डोंगराचा रस्ता चढू लागला. पहिल्या दोन वळणांना तेत्सुओ उजव्या पायानं नसलेला ब्रेक दाबत होता, आणि वरची कडी त्यानं अशी धरली होती की उपटून येईल. तिसऱ्या वळणाला त्यानं कडी सोडली. मग काचेतून बाहेर बघू लागला.

“अरे, इथं तळं आहे!”

“आहे.”

“नवीन केलंय?”

“तुमच्या आजोबांच्या आधीपासून आहे.”

थोडं पुढे एका घराच्या ओसरीला पर्सिमनची सोललेली फळं दोऱ्यांना वाळायला टांगली होती, सगळी भिंत शेंदरी झाली होती. तेत्सुओनं मान मागे वळवून वळवून बघितलं. मग एक न्हाव्याचं दुकान, ज्याच्या पाटीवर मांजर झोपलं होतं. तेत्सुओ प्रत्येक गोष्ट बोट दाखवून मोठ्यानं सांगत होता, लहान मुलासारखा. तीस वर्षं तो या रस्त्यानं गाडी चालवत होता आणि तीस वर्षांत त्यानं फक्त रस्ता पाहिला होता.

“तू हे सगळं बघत होतीस? इतकी वर्षं?”

“हो.”

“मग सांगायचं नाही का?”

“सांगत होते की. तुम्ही ‘हं’ म्हणायचात.”

यावर तेत्सुओच्या तोंडून ‘हं’ निघणारच होतं. त्यानं ते अर्ध्यात गिळलं.

खिंडीच्या अलीकडे पेट्रोल पंप आला. पंपासमोर, रस्त्याच्या डाव्या अंगाला, वाटसरूंची आणि लेकरांची राखण करणारे सहा दगडी जिझो ओळीनं उभे, डोक्यांवर लोकरीच्या लाल टोप्या.

“ह्या टोप्या कोण घालतं गं?”

“चौथ्याची माझी आहे. बाकीच्या इथल्या बायकांच्या.”

“तुझी? तू कधी घातलीस?”

“हत्तीला इथं दर वेळी पेट्रोल लागायचं. तुम्ही पंपवाल्याशी बेसबॉलवर बोलत बसायचात. तेवढ्यात रस्ता ओलांडून जायची. पळत यावं लागायचं.”

चौथ्या देवाची टोपी विटून गुलाबी झाली होती, एका बाजूनं उसवली होती. मियोकोनं डावीकडचा दिवा लावला, आरशात बघितलं आणि गाडी अगदी अलगद कडेला घेतली.

“पेट्रोल भरलेलं आहे,” तेत्सुओ काट्याकडे बघून म्हणाला. “टाकी पूर्ण आहे.”

“माहीत आहे,” मियोको म्हणाली आणि सावकाश उतरली.