आक्कांच्या आवाजाचं कार्ड

परवा फोनचा चार्जर दुरुस्तीला घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात उभी होते. आतल्या माणसाने तापलेलं सोल्डरिंग आयर्न राळेला टेकवलं आणि निळसर धुराची एक बारीक रेघ वळणं घेत माझ्याकडे आली. त्या वासाने पुष्कळांच्या डोक्यात कळ येते म्हणे. मला मात्र तो वास आला की इंदापूरच्या स्टँडजवळचं एक दुकान आठवतं. एकाच खोलीचं, पण दोन संसार मांडावेत तसं दोन बाजूंनी भरलेलं. डावीकडे पोट उघडून पडलेले रेडिओ, टेपरेकॉर्डर, लग्नातल्या लाउडस्पीकरचे अ‍ॅम्प्लिफायर. ती बाजू तात्यांची. उजवीकडे मेथी, भेंडी, दोडका, कोथिंबीर यांच्या बियाण्यांचे पत्र्याचे डबे. ती बाजू त्यांच्या बायकोची, आक्कांची. आणि मधल्या फळीवर, दोघांच्या हद्दीवर, एक पिवळट पडलेला संगणक.

तो संगणक तिथे माझ्यामुळे आला होता. नव्वदच्या दशकातली ती सुरुवातीची वर्षं. मी रोज इंदापूरहून एसटीने बारामतीला जाई आणि तिथल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवी. क्लासने नवी यंत्रं घेतली तेव्हा जुन्यांपैकी एक अडगळीत जायचं होतं, ते मी मागून घेतलं. घरात ठेवायला जागा नव्हती. तात्या आमच्या ओळखीचे, ते म्हणाले, "आण हितं. बघू तरी आत काय हाय ते." एसटीच्या मागच्या सीटवर चादरीत गुंडाळलेलं ते धूड मी लहान मुलासारखं सांभाळून आणलं. तात्यांनी चालू केलं, तेव्हा आतून एक बारीक 'टुक' झालं. त्या यंत्राला एवढाच आवाज होता. तात्यांनी कान दिला, वाट पाहिली आणि म्हणाले, "एवढंच?"

तात्या मुळात कमी बोलणारे. गिऱ्हाईक तक्रार सांगू लागलं की ते तोंडाकडे न पाहता रेडिओकडे पाहत, जणू खरी हकिगत तोच सांगणार आहे. दुकानातलं बोलणं सगळं आक्कांच्या वाट्याचं. त्यांचं माहेर पळसदेवकडचं, घराणं मागच्या पिढीपर्यंत मेंढरं राखणारं. लांबच्या माळावरच्या माणसाला हाळी घालायची सवय त्यांच्या गळ्यात वारशाने उतरली होती. रस्त्यापलीकडच्या हॉटेलात चहा सांगायला त्या उंबऱ्यापर्यंतही येत नसत. निमगाव केतकीच्या बाजाराला जाणारे शेतकरी बियाणं घ्यायला मुद्दाम त्यांच्याकडे येत, कारण बियाण्याबरोबर दोन शब्द ऐकायला मिळत. चिडवणं, दटावणं, विचारपूस, सगळं एकाच पट्टीत, पण दर माणसागणिक निराळ्या सुरात. दुपारी दुकान रिकामं असलं की त्यांच्या बडबडीखाली तात्यांचं काम चाले. ओढ्याकाठी बसून एखाद्याने जाळं विणावं तसं.

त्या 'टुक'वर तात्यांचं समाधान झालं नाही. संगणकाला प्रिंटर जोडायची जी खाच असते, तिच्यातून आठ तारांवर आकडे बाहेर जातात हे मी त्यांना सांगितलं. प्रत्येक तारेवर आधीच्या तारेच्या दुप्पट अडथळा करणारा रेझिस्टर लावला आणि सगळ्या तारा पुढे एकत्र केल्या, तर त्या आकड्यांचा आवाज होऊ शकतो, असं मी कुठेतरी वाचलं होतं. तात्यांनी मोडक्या रेडिओंमधून रेझिस्टर काढले, मीटर लावून एकेक निवडला आणि पुठ्ठ्याएवढ्या एका पट्टीवर झाळून टाकले; ती पट्टी म्हणजे आमचं आवाजाचं कार्ड. संगणकाचा प्रोग्रॅम मी लिहिला. पहिल्या दिवशी नुसती खरखर आली, मग भुंग्याची गुणगुण, आणि मग एका दुपारी, सगळे सूर थोडे वाकडे असूनही, सनईसारखं काहीतरी लाउडस्पीकरमधून वाजलं. आक्का डबा झाकता झाकता म्हणाल्या, "वरात अडकली जणू वेशीत." तात्या हसले. असं हसताना मी त्यांना क्वचितच पाहिलं होतं. पुढचे कित्येक महिने आमचा तो छंद झाला. मी बारामतीहून आले की स्टँडवर उतरून थेट दुकानात. तात्या पट्टीवर काहीतरी बदलून बसलेले असत; कुठे एखादा कपॅसिटर वाढवलेला, कुठे तार आखूड केलेली. आम्ही ऐकायचो, माना हलवायचो, पुन्हा उकलायचो.

मग आक्कांचा आवाज बसला. सर्दी असेल म्हणून दिवस गेले, काढे झाले, गरम पाण्याच्या गुळण्या झाल्या. पुण्याला दाखवलं तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं: गळ्यात गाठ आहे, वेळेवर सापडली आहे, जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल. परत आल्यावर आक्का नेहमीसारख्या डब्यांमागे बसल्या. घोगऱ्या आवाजात मला म्हणाल्या, "बोलून बोलून झिजलं बघ." त्या दिवशी तात्यांनी एकही रेडिओ उघडला नाही. दुकान बंद करताना त्यांनी मला विचारलं, "यंत्रातनं आवाज बाहेर येतो. आत घालता येतो का?"

टेपरेकॉर्डर होताच, पण त्यावर हवा तो शब्द हव्या त्या वेळी सापडत नाही. तात्यांच्या मनात होतं ते असं: एक कळ दाबली की एक वाक्य, आक्कांच्याच आवाजात. मी हो म्हणाले, पण आवाज आत आणणं हे बाहेर काढण्यापेक्षा फार अवघड. तात्या पुण्याला तपकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात जाऊन आवाजाचे आकडे करणारी चिप घेऊन आले. प्रिंटरच्या त्या खाचेतून आत यायला वाटा कमी, म्हणून प्रत्येक आकडा दोन तुकड्यांत आणून आत जोडावा लागे. ते मी रोज एसटीत मांडीवर वही ठेवून सोडवत होते, आणि तात्या दुकानात त्या पट्टीशेजारी दुसरी पट्टी उभी करत होते. शस्त्रक्रियेची तारीख ठरलेली होती आणि आक्कांचा आवाज रोज थोडा खाली जात होता. जमलं तेव्हा मिनिटभराच्या आवाजाला एक अख्खी फ्लॉपी लागत होती. म्हणजे शब्द जपून निवडायला हवे होते.

अर्धं शटर ओढून आम्ही बसलो. मी म्हणाले, "आक्का, आधी गरजेचं घेऊ. पाणी, भूक, दुखतंय."

"पानी मी हातानं मागीन की," त्या म्हणाल्या. "त्याला मशीन कशाला?"

"मग काय बोलणार?"

त्यांनी माइक आपल्याकडे ओढला. "जे हातानं सांगता येत न्हाय, ते."

आणि त्या बोलल्या. गळा साथ देत नव्हता, तरी त्या थांबून, घोटभर पाणी पिऊन, पुन्हा बोलल्या. "आरं बस की, घाई काय हाय?" "भाव करायचा आसंल तर बाजारात जा, हितं बियानं मिळतं." "आवं, ऐकलं का?" "पोरगी कशी हाय तुझी?" मग नुसतं हसल्या, तेही आम्ही घेतलं. शेवटी थोडी जागा उरली. त्यांनी तात्यांकडे पाहिलं. "तुमाला काय पायजे?"

तात्या तारेचं टोक उगाच सोलत बसले होते. वर न पाहता म्हणाले, "माझं नाव घे."

त्या काळी आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घ्यायची ती लग्नाकार्यात, उखाण्यात गुंडाळून, बायकांच्या हशात. एरवी 'आवं'. आक्कांनी सगळ्या संसारात ते नाव उघडं असं कधी उच्चारलं नसणार. मी तात्यांना कोणती कळ दाबायची ते दाखवलं आणि शटरखालून वाकून बाहेर आले. समोर नीरा नरसिंहपूरची एसटी भरत होती, कंडक्टर दारात उभा राहून माणसं आत लोटत होता. मी ती गाडी सुटेपर्यंत पाहत उभी राहिले. आत गेले तेव्हा दोघंही आपापल्या बाजूला होते आणि आक्कांचा पदर डोळ्यांशी होता. ती नोंद मी कधी वाजवून पाहिली नाही.

शस्त्रक्रिया चांगली झाली. आक्का परत आल्या त्या गळ्याला पांढरं फडकं बांधून, पण ताठ. यंत्रासमोर बसून त्यांनी पहिली कळ दाबली. आपलाच आवाज विहिरीतून आल्यासारखा ऐकून त्यांनी नाक चिमटीत धरून दाखवलं. तात्या पुन्हा कामाला लागले. खरखर कमी केली, रेझिस्टर पुन्हा तोलून लावले, आणि आक्कांच्या बोलण्यातला 'स' स्वच्छ ऐकू येईपर्यंत त्यांनी पट्टी सोडली नाही. गावात कौतुक झालं. माणसं बियाणं नको असतानाही येत, आक्का कळ दाबत, दुकान हसे.

मग एक दिवस निमगावचं एक जुनं गिऱ्हाईक आलं. त्याचा बाप आठवड्यापूर्वी गेला होता, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. तो दारात उभा राहिला आणि आक्कांनी सवयीने कळ दाबली. "आरं बस की, घाई काय हाय?" तोच खट्याळ सूर. तो बसला आणि मान खाली घालून म्हणाला, "आण्णा गेलं माझं, आक्का." आक्कांचा हात कळांवर गेला. तिथे जे होतं त्यातलं एकही वाक्य या वेळेचं नव्हतं. सगळ्या वाक्यांत त्यांचा एकेका दिवसाचा सूर कायमचा बसला होता; गळ्यात आवाज असता तर त्या या माणसाशी कुठल्या सुरात बोलल्या असत्या ते त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं, ओठ हलत होते, आणि खोलीत पंख्याखेरीज काही वाजत नव्हतं.

तेव्हा तात्या उठले. हातातलं काम तसंच टाकून काउंटरच्या या बाजूला आले, आक्कांच्या ओठांकडे पाहिलं आणि म्हणाले, "ती म्हनतीया, आण्णांनी पयल्यांदा दोडका लावला तवा बी हितूनच नेलं हुतं. लई वाट बघायची त्यांची, बाजाराच्या दिवशी." आक्कांनी मान हलवली. ओठ पुन्हा हलले. "म्हनतीया, आईला एकटं ठेवू नका आता." तो माणूस रडला, आणि जाताना आक्कांच्या पायांशी वाकला.

त्या दिवसानंतर यंत्र हळूहळू मागे पडलं. आक्का ओठ हलवत, तात्या बोलत. आधी दरवेळी 'ती म्हनतीया' असं लावायचे. पुढे तेही गळालं. आयुष्यभर मोजकं बोललेला माणूस आता दिवसभर बोलत होता, आणि बोलणं आक्कांचं होतं. त्यांचे टोमणे, त्यांची विचारपूस, वाक्याच्या शेवटी जरा वर जाणारी त्यांची पट्टी. ओठ वाचण्यात त्यांची चूक झाली की आक्का काउंटरवर टिचकी मारत, आणि तात्या वाक्य मागे घेऊन सुधारून सांगत. काही वर्षांनी संगणकाची डिस्क बिघडली. फ्लॉप्यांनाही तोवर बुरशी धरली होती. मी हरप्रकारे खटपट केली, काही हाती लागलं नाही. तात्यांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "गेलं तर गेलं. तिला इचार." आक्कांनी माझ्या पाठीवर हात फिरवला आणि हॉटेलकडे बोट केलं. तात्यांनी चहासाठी हाळी घातली, ती रस्त्यापलीकडे पोचली.

आक्का पुढे पुष्कळ वर्षं जगल्या. त्यांना जाऊनही आता काळ लोटला. मागे इंदापूरला गेले तेव्हा दुकानात डोकावले. तात्या थकले आहेत, रेडिओ कुणी आणत नाही, पण बियाण्यांचे डबे अजून आहेत. एक तरुण बाई मेथीचं बी घ्यायला आली होती, पैसे देताना काहीतरी घासाघीस करत होती. तात्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि सहज म्हणाले, "मी काय तुला फसवते व्हय गं?"

बाई हसली. म्हाताऱ्याची जीभ घसरली असं तिला वाटलं असावं. तात्यांच्या ध्यानात काही आलं नव्हतं. ते बी मोजत होते. माणूस गेल्यावर त्याचा आवाज कुठे उरतो, याचा शोध आम्ही त्या वर्षांत किती तारांमधून, किती पट्ट्यांवरून घेतला होता. बाहेर ऊन उतरत होतं, स्टँडवर कुठलीशी गाडी लागत होती. आत एक म्हातारा माणूस त्या बाईला तिच्या लेकराबाळांची खुशाली विचारत होता, आणि मी डोळे मिटून नुसती ऐकत बसले.